टिप्पणीतल्या एका शब्दाची छाननी

निमगाव सावा ज्या जुन्नर तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ३० अँटेनांकडून येणारे संकेत एकत्र करण्यासाठी शास्त्रज्ञांनी २०१० च्या सुमारास लिनक्सवर चालणारा संगणकसमूह वापरात आणला. कुणालाही वाचता आणि बदलता येणाऱ्या या कार्यप्रणालीच्या गाभ्यात आज ४ कोटींच्या आसपास ओळी आहेत. त्यांतल्या लक्षावधी ओळी यंत्रासाठी नव्हे, तर पुढे तो कोड वाचणाऱ्या माणसासाठी लिहिलेल्या टिप्पण्या आहेत.

टिप्पणीतले स्पेलिंग दुरुस्त करणे, कालबाह्य वर्णन बदलणे ही नवख्या प्रोग्रामरची नेहमीची पहिली पायरी. अशी दुरुस्ती डोळे मिटून स्वीकारण्यास काय हरकत आहे, असे बाहेरच्यास वाटणे स्वाभाविक आहे. कंपायलर टिप्पणी वगळतो, तेव्हा यंत्राच्या दृष्टीने काहीच बदलत नाही! मात्र हे सर्वस्वी खरे नाही.

'स्विच' रचनेत एका पर्यायातून पुढच्या पर्यायात जाणे हेतुपुरस्सर आहे, हे सांगण्यासाठी लिनक्समध्ये 'फॉल थ्रू' अशी टिप्पणी लिहीत. जीसीसी कंपायलर ती वाचून इशारा देणे टाळत असे. तेथील शब्द 'सुधारला' की इशारे सुरू. अखेर २०२० मध्ये या टिप्पण्यांच्या जागी स्वतंत्र संकेतशब्द आणण्यात आला. फाइलच्या माथ्यावरील परवान्याची ओळ हीदेखील टिप्पणीच; पण तिच्यातील एका अक्षराला कायदेशीर अर्थ असतो.

२०२१ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी तर अधिक गंभीर धोका दाखवून दिला. मजकुराची दिशा उलटवणारी अदृश्य युनिकोड चिन्हे टिप्पणीत दडवली, तर तपासणाऱ्याला पडद्यावर एक कोड दिसतो आणि कंपायलरला दुसराच मिळतो. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मिनेसोटा विद्यापीठाचे प्रकरण गाजले. छाननी किती काटेकोर आहे हे पाहण्यासाठी तेथील संशोधकांनी सदोष बदल मुद्दाम पाठवले होते. परिणामी त्या विद्यापीठाकडून पूर्वी आलेले चारशेहून अधिक बदल पुन्हा तपासावे लागले. बहुतेक निर्दोष निघाले. पण त्यात खर्ची पडलेले तास कोण भरून देणार?

खरा तुटवडा आहे तो या तासांचाच. बदल पाठवणारे अनेक, तपासणारे मोजके. एखादी ओळ कुणी आणि का लिहिली याचा माग 'गिट' ठेवते, पण कोडच्याच ओळीतील टिप्पणीला हात लावला की त्या ओळीवर दुरुस्ती करणाऱ्याचे नाव चढते आणि मूळ कारण एक पायरी मागे दडते. जुन्या आवृत्त्यांत सुरक्षाविषयक दुरुस्त्या नेतानाही असे बदल आड येतात. म्हणूनच निव्वळ सफाईचे बदल नवख्यांनी 'स्टेजिंग' विभागात करावेत असा प्रघात आहे. तिथले ड्रायव्हर अद्याप कच्चेच असतात. इतरत्र तपासनीस बदलाआधीचा आणि नंतरचा यंत्रकोड जुळवून पाहू शकतो. तरीही नवी टिप्पणी खालच्या कोडविषयी खरे सांगते की नाही, हे ठरवण्यासाठी त्याला तो कोड स्वतःच वाचावा लागतो.