युरोपात हॉटेल बुक करताय? रात्रीचा दर बघू नका, मुक्कामाचा हिशोब बघा



गेल्या आठवड्यात सांगलीकडच्या एका बेदाणा उत्पादकाचा फोन आला. जर्मनीत कोलोन शहरात दर दोन वर्षांनी, विषम सालातल्या ऑक्टोबरमध्ये, ‘अनुगा’ हे खाद्यपदार्थांचं मोठं प्रदर्शन भरतं. पुढचं 2027 मध्ये आहे आणि त्याला तिथे जायचंय. त्याचा प्रश्न एकच होता, "सर, सगळ्यात स्वस्त हॉटेल कुठलं?"

मी म्हटलं, "प्रश्नच चुकलाय."

हे मी अनुभवानं सांगतोय. पहिल्यांदा कोलोनला निघालो तेव्हा मीही स्वस्तातली खोली शोधून ‘पैसे परत मिळणार नाहीत’ या अटीवर बुक केली होती. पाच रात्रींचे 450 युरो आगाऊ भरले. व्हिसा हातात आला तो प्रदर्शन सुरू झाल्यावर दुसऱ्या दिवशी. मग विमानाचं तिकीट बदललं आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कोलोनला उतरलो. पहिल्या रात्री मी आलो नाही म्हणून हॉटेलनं अख्खं बुकिंग रद्द केलं होतं. पैसे गेले आणि खोलीही गेली. ऐनवेळी दुसरी खोली मिळाली ती दुपटीपेक्षा जास्त दरानं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, ते हेच.

माझं मत स्पष्ट आहे. धंद्यासाठी परदेशात जाणाऱ्यानं हॉटेलची काटकसर शेवटी करायची, आधी नाही. आता हिशोबानं बघू.

तीन पर्याय, एक हिशोब

प्रदर्शनाच्या दिवसांत कोलोनचे दर नेहमीचे राहत नाहीत, खूप चढतात. प्रदर्शनाच्या दारातलं हॉटेल आपल्यासारख्याला परवडत नाही, ते सोडून द्या. उरतात दोन पर्याय. एक, गावाबाहेरचं स्वस्त हॉटेल, जिथून बस आणि मग ट्रेन. दुसरा, शेजारच्या शहरात रेल्वे स्टेशनजवळचं हॉटेल. प्रदर्शनाच्या दाराशी ‘कोलोन मेसे/डॉइट्स’ नावाचं स्टेशन आहे. ड्युसेलडॉर्फहून तिथे थेट ट्रेननं साधारण अर्ध्या तासात पोहोचता येतं. लेव्हरकुझेन त्याहून जवळ आहे.

समजा, गावाबाहेरची खोली 90 युरो. नाश्ता वेगळा 12 युरो. बस, ट्रेन आणि रात्री उशीर झाला की टॅक्सी, सरासरी 25 युरो. झाले दिवसाला 127. पाच दिवसांचे 635.

स्टेशनजवळची खोली नाश्त्यासह 125, प्रवास 15. झाले 140. पाच दिवसांचे 700.

फरक 65 युरोंचा. सोयीसाठी युरो 100 रुपये धरला तर साडेसहा हजार रुपये. दर दाखवणाऱ्या पानावर मात्र तुम्हाला 90 आणि 125 दिसतात आणि वाटतं, पाच दिवसांत साडेसतरा हजार वाचले! तेवढे वाचत नाहीत. आणि त्या साडेसहा हजारांत तुम्हाला काय मिळतं? रोजचा दीड-दोन तास वाचतो, नमुन्यांची पेटी घेऊन बस बदलावी लागत नाही, आणि सकाळी दार उघडताना तुम्ही ताजेतवाने उभे असता. खरेदीदार ठरल्या वेळेला येतो. तुम्ही वीस मिनिटं उशिरा गेलात तर तो पुढच्या स्टॉलवर गेलेला असतो.

एक गोष्ट मात्र तपासा. शेजारच्या शहरात त्याच तारखांना दुसरं प्रदर्शन नाही ना? 2025 मध्ये अनुगा 4 ते 8 ऑक्टोबरला होतं आणि 8 तारखेलाच ड्युसेलडॉर्फमध्ये प्लॅस्टिक उद्योगाचं ‘के’ हे प्रदर्शन सुरू झालं. म्हणजे दोन्ही शहरांत खोल्यांची मारामारी.

व्हिसा आणि बुकिंग: इथे शॉर्टकट नको

शेंगेन व्हिसाच्या अर्जाला राहण्याच्या सोयीचा पुरावा लागतो. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करता येतो. आपण काय करतो? शेवटच्या महिन्यात जागे होतो. मग कुणीतरी सांगतं, "पाचशे रुपयांत डमी बुकिंग काढून देतो."

मित्रांनो, हे करू नका. वकिलातीनं हॉटेलकडे चौकशी केली आणि बुकिंग खोटं निघालं, तर व्हिसा नाकारला जातो आणि तो नकार तुमच्या नावावर नोंदला जातो. ज्याला पुढची दहा वर्षं निर्यात करायची आहे त्याला हा डाग परवडणार नाही. त्यापेक्षा ‘मोफत रद्द करता येईल’ असं खरं बुकिंग करा. थोडं महाग असतं, पण तो जास्तीचा पैसा म्हणजे तुमचा विमा समजा. कोणत्या तारखेपर्यंत आणि तिथल्या किती वाजेपर्यंत रद्द करता येतं, ते वाचून कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा. पोहोचायला एक दिवस जरी उशीर होणार असेल तरी हॉटेलला आधी ईमेल करा. माझ्यासारखं करू नका.

खोलीच्या दरात नसलेले खर्च

पहिला, शहराचा पर्यटन कर. ॲमस्टरडॅममध्ये तो खोलीच्या दराच्या 12.5 टक्के आहे. बर्लिनमध्ये जानेवारी 2025 पासून 7.5 टक्के आहे आणि तिथे कामासाठी आलेल्यांनाही तो लागतो. काही शहरांत माणशी, दर रात्री ठराविक रक्कम घेतात. बुकिंगच्या किमतीत तो धरलाय की तिथे गेल्यावर द्यायचाय, हे बघा.

दुसरा, अनामत. बरीच हॉटेलं चेक-इनला कार्डावर काही रक्कम अडवून ठेवतात. क्रेडिट कार्ड असेल तर फक्त मर्यादा कमी होते. डेबिट कार्ड असेल तर तुमचे स्वतःचे पैसे अडकतात आणि सुटायला बरेच दिवस लागू शकतात. म्हणून हॉटेलसाठी क्रेडिट कार्ड, बाकी खर्चाला फॉरेक्स कार्ड. निघण्याआधी बँकेच्या ॲपमधून परदेशी व्यवहार चालू केलेत का, तेही बघा.

तिसरा, मशीनवरचा प्रश्न. कार्ड लावलं की विचारतात, रुपयांत पैसे देणार की युरोत? आपल्याला रुपये बघून बरं वाटतं आणि बोट तिकडेच जातं. युरोच निवडा. रुपये निवडले की मशीनवाल्याचा महाग विनिमय दर लागतो.

भारतातल्या हॉटेलची सवय घरी ठेवा

आपल्याकडे लॉजवर रात्री दोनला गेलात तरी कुणीतरी डोळे चोळत उठतं. युरोपातल्या छोट्या हॉटेलांत रिसेप्शन रात्री बंद होतं. माझा एक विद्यार्थी रात्री अकराला पोहोचला तर दाराला कुलूप. किल्लीच्या पेटीचा कोड ईमेलवर आला होता, पण फोनला इंटरनेट नव्हतं. थंडीत तासभर तो बॅगेवर बसून होता. रात्री उशिरा पोहोचणार असाल तर आधी लिहून विचारा आणि कोड कागदावर घ्या.

जुन्या इमारतींत लिफ्ट असेलच असं नाही. त्यात त्यांचा पहिला मजला म्हणजे तळमजल्याच्या वरचा. ‘चौथा मजला, लिफ्ट नाही’ याचा अर्थ पंचवीस किलोची नमुन्यांची बॅग घेऊन चार जिने. एसी, चहाची किटली हेही गृहीत धरू नका. खोली दुपारी तीनच्या आसपास मिळते. सकाळी विमान उतरत असेल तर बॅग ठेवता येईल का, ते विचारा.

आणि एक गोष्ट स्पष्टच बोलतो. दोघांच्या खोलीत चौघं झोपायचं आपलं गणित तिथे चालत नाही. जर्मनीत परदेशी पाहुण्यांना नोंदणीचा फॉर्म भरावा लागतो. खोलीत शेगडी लावून खिचडी टाकायचा विचारही करू नका. धुराचा अलार्म वाजला आणि अग्निशमन दल आलं, तर बिल तुमच्या नावावर येऊ शकतं. दशम्या, चिवडा, चटण्या खुशाल न्या, पण दूध, तूप, पनीर, मांस घेऊन प्रवासी म्हणून युरोपीय संघात जाता येत नाही. जर्मनीत रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. मोठ्या रेल्वे स्टेशनातली दुकानं उघडी मिळतात. स्टेशनजवळ राहायचा हा आणखी एक फायदा.

"सर, झोपायलाच तर जायचंय!"

हे मला नेहमी ऐकवलं जातं. बरोबर आहे, झोपायलाच जायचंय. पण तुम्ही स्टॉल, तिकीट, व्हिसा, नमुने यांवर लाखो रुपये घातलेत. तो सगळा खर्च कशासाठी? तर पाच दिवसांत समोर येणाऱ्या चार-पाच खऱ्या खरेदीदारांसाठी. त्यांच्यासमोर तुम्ही अर्धवट झोपेत, घामाघूम उभे असाल तर लाखांची गुंतवणूक साडेसहा हजारांसाठी धोक्यात घातलीत. मी उधळपट्टी करा म्हणत नाही. चार तारे, स्विमिंग पूल काही नको. स्टेशनजवळची, स्वच्छ, रद्द करता येणारी खोली, बास.

बिल घेताना ते फर्मच्या नावानं, पत्त्यासह घ्या आणि निघण्याआधी तपासा. नंतर ईमेल करून बिल बदलून घेण्यात महिने जातात.

त्या बेदाणावाल्याला मी एकच गृहपाठ दिलाय. एका कागदावर खोली, कर, नाश्ता, प्रवास, रद्द करण्याची अट आणि रोज लागणारा वेळ अशा सहा ओळी लिहायच्या, तीन हॉटेलं शेजारी-शेजारी मांडायची आणि मग फोन करायचा. तुम्हीही तेच करा. आणि तुमच्या गणितात माझ्यापेक्षा वेगळं उत्तर आलं, तर व्हिडिओखाली नक्की लिहा. मलाही शिकायला आवडेल.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत हिशोब पक्का ठेवा!