सरळांब्याच्या पुलाखाली वीस नावं हवीत

३१ जुलै २०२३ ची मध्यरात्र. आमच्या शहापूर तालुक्यात सरळांब्याजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवणारं अवजड यंत्र कोसळलं आणि वीस माणसं गेली. बहुतेक उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगालकडची, तामिळनाडूचीसुद्धा. पूल पुढे पुरा झाला. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पाही खुला झाला. आता त्या जागेवरून गाडी डोळ्याचं पातं लवायच्या आत निघून जाते. नागपूर किती तासांवर आलं याची चर्चा आमच्या किन्हवलीत अजून होते. त्या वीस जणांची मात्र क्वचितच.

त्या पुलाखाली ही वीस नावं, त्यांच्या गावांसकट, दगडावर कोरलेली हवीत, असं माझं मत आहे.

हे म्हटलं की पहिला सवाल आपल्याच माणसांकडून येतो. इस्लाममध्ये स्मारक कुठून आलं? पक्क्या कबरींना, त्यांवरच्या घुमटांना आपल्याकडे विरोध आहे आणि मला तो पटतो. पण हजरत उस्मान बिन मजऊन यांच्या दफनानंतर पैगंबरांनी (स.) स्वतः एक दगड उचलून त्यांच्या उशाशी ठेवला. आपल्या भावाची कबर ओळखता यावी म्हणून. बस, तेवढाच दगड. त्या वीस जणांत कोण हिंदू, कोण मुसलमान हे मी मोजायला बसलेलो नाही. ओळख राहावी, ही गरज सगळ्यांची आहे.

माळीणशी ताडून पाहा. ३० जुलै २०१४ ला डोंगर कोसळून १५१ माणसं गाडली गेली. वाचलेल्यांसाठी आमडे इथं नवं गाव उभं राहिलं. पहिल्याच पावसाळ्यात तिथं रस्ते खचले, भराव सुटले आणि लोकांच्या उरात पुन्हा धडकी भरली, तो भाग वेगळा. पण जुन्या जागी स्मृतिस्तंभ आहे आणि दरवर्षी तिथं येऊन उभी राहणारी घरची माणसं आहेत. इर्शाळवाडीत २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं मिळालीच नाहीत, शोध थांबवावा लागला. तो अख्खा उतारच आता कब्रस्तान आहे. वाचलेल्यांना सिडकोने खाली ४४ घरं बांधून दिली. आधी घर, मग स्तंभ, हा क्रम बरोबरच आहे.

सरळांब्यात वसवायचं कुणाला? मेलेल्यांची घरं शेकडो कोस लांब. राज्य सरकारने पाच लाख, केंद्राने दोन लाख जाहीर केले, मय्यती गावोगाव रवाना झाल्या. इथं फातिहा पढायला किंवा दिवा लावायला त्यांचं रक्ताचं कुणी नाही. म्हणून हे काम तालुक्याचं आहे.

आणि एक फरक. डोंगर पडला की आपण निसर्गाचा कोप म्हणून हात झटकतो (झाडं कुणी तोडली, उतार कुणी खोदले, ते विचारत नाही). इथं तेही म्हणता येत नाही. निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवला गेला. तेव्हा दगडावर "दुर्दैवी घटना" असली मऊ भाषा नको. काम चालू असताना, मध्यरात्री, यंत्र कोसळून मेले, असं सरळ लिहावं. कोर्टाचं काम कोर्ट करील. दगडाने त्या चौकशीची जागा घेऊ नये आणि तिच्यावर पांघरूणही घालू नये.

पुतळा नको, संगमरवर नको, उद्घाटकाच्या नावाची पाटी तर मुळीच नको. पाणी असावं. भातसा, तानसा, वैतरणा आमच्या तालुक्यात, पाणी मुंबईला, आणि उन्हाळ्यात आमच्या पाड्यांवर टँकर. पाण्याची सोय करणं हा आपल्याकडे सदका-ए-जारिया मानतात, वाहत राहणारं पुण्य. हिंदू भाऊही पाणपोई बांधतातच. बारमाही नळाची एक टाकी, तिच्या भिंतीवर वीस नावं. पाणी भरायला येणारी बाई रोज ती वाचील.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हा ठराव मांडता येईल. नावं सरकारी नोंदीत आहेतच. एवढंच करावं, देवनागरीखाली ज्याच्या त्याच्या घरची लिपीही घालावी. उद्या बंगालहून किंवा तामिळनाडूहून कुणाचा मुलगा शोधत इथवर आला, तर बापाचं नाव त्याला कुणाला न विचारता वाचता येईल.