स्मार्ट कॅमेरा घेताय? आधी पासवर्डचं बघा!
फोनला लॉक लावतो आपण, पण त्याच वाय-फायवरच्या कॅमेऱ्याचं काय? २०१६ मध्ये 'मिराई' मालवेअरने कंपनीचाच पासवर्ड तसाच ठेवलेले लाखो कॅमेरे, राउटर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबरला अशाच उपकरणांच्या हल्ल्याने 'डिन' कंपनीचे सर्व्हर कोलमडले आणि अनेकांना ट्विटर, नेटफ्लिक्स उघडेना.

ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून '१२३४५'सारखा पासवर्ड टाकून उपकरण विकता येत नाही. सुरक्षा अपडेट कधीपर्यंत मिळणार तेही सांगावं लागतं. भारतात २०२५ पासून सीसीटीव्हीची सुरक्षा चाचणी सक्तीची झाली, हे चांगलंच. पण स्मार्ट बल्ब, प्लग यांचं काय? माझ्या मते ब्रिटनसारखा नियम इथेही हवा. तोवर खरेदी करताना किंमतीसोबत अपडेटची मुदतही विचारा, आणि उपकरण जोडल्याबरोबर पासवर्ड बदला.