आंबा कोकणचा, पत्ता व्यापाऱ्याचा

कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या पाच जिल्ह्यांतील बागायतदारांच्या हक्काला कायद्याचे कवच लाभले. परंतु पेटी कोणाकडून घ्यावी, हे पुण्या-मुंबईचा ग्राहक आता गूगललाही विचारतो आणि तेथे संकेतस्थळ असूनही बागायतदाराचा पत्ता सहसा सापडत नाही. वर झळकतो तो बहुधा बाग नसलेला, पण जाहिरातीवर सढळ हाताने खर्च करणारा व्यापारी. पिढ्यान्‌पिढ्या दलालाने पाठविलेल्या पट्टीवर समाधान मानणाऱ्या कोकणी माणसाने थेट विक्रीची ही संधीही दवडावी काय?

दोष सर्वस्वी शोधयंत्राचा नव्हे. अनेक मराठी संकेतस्थळांवर मजकूर चित्रांत कोंबलेला असतो, किंवा युनिकोडपूर्व टंकात असतो. तो डोळ्यांना मराठी दिसतो. यंत्राला मात्र ती निरर्थक रोमन अक्षरांची माळ वाटते. पानाचे शीर्षक 'मुखपृष्ठ' एवढेच! त्याजागी 'देवगड हापूस, थेट बागेतून, पुण्यात घरपोच' असे असेल तर शोधणाऱ्याची आणि विकणाऱ्याची गाठ पडेल. स्वभाषेचा आग्रह योग्यच. पण ग्राहक 'अल्फान्सो' असे रोमन लिपीत टंकित असेल, तर इंग्रजी पानही हवे.

बागायतदाराची खरी पुंजी त्याचे ज्ञान आहे. चौदा आणे तयार फळ कसे ओळखावे, साका का होतो, पेंढ्यातली अढी कशी घालावी, बंदी असलेल्या कार्बाइडने पिकविलेला आंबा वेगळा कसा दिसतो, हे त्याच्याइतके अधिकाराने कोण लिहिणार? असे लेखन वाचनीय असेल तर इतर संकेतस्थळे त्याचा दुवा देतात. लॅरी पेज व सर्गी ब्रिन यांनी १९९८ मध्ये गूगल उभारले तेच मुळी, दुवा म्हणजे शिफारस, या तत्त्वावर. मात्र विकत घेतलेल्या शिफारशींचा उपयोग नाही. २०१२ पासून गूगलने त्यांच्यावर कठोर बडगा उगारला आहे. अदृश्य 'कीवर्ड' भरण्याचा उद्योगही व्यर्थ. क्रम लावताना ते पाहिले जात नाहीत, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले. तरीही 'पहिला क्रमांक हमखास' म्हणून पैसे उकळणारे भेटतातच. अशी हमी कोणीही देऊ शकत नाही, असे खुद्द गूगलच बजावते. नकाशावर व्यवसायाची नोंद करणे तर विनामूल्य आहे. तेथे बागेचा पत्ता, दूरध्वनी आणि छायाचित्रे अचूक असावीत, म्हणजे झाले.

या साऱ्याचे फळ दिसण्यास सामान्यतः चार महिने ते वर्ष लागते. पाडव्याला पेटी बाहेर पडू लागल्यावर संकेतस्थळाची आठवण होऊन काय उपयोग? पावसाळ्यात कलमांना खते घालून झाली, की मोहोर येईपर्यंत मिळणारी उसंत या लेखनासाठी पुरेशी आहे.