पंखा बारीक कर गं!

वडाळ्याच्या विठ्ठलमंदिराला लोक प्रतिपंढरपूर म्हणतात. आषाढीला रांगेतला माणूस कोकणी हेल काढो की घाटी, देवाला पुन्हा सांगावं लागत नाही. घरातल्या बोलक्या डब्याचं, म्हणजे स्मार्ट स्पीकरचं, तसं नाही. त्याला हाक मारायचं ‘अलेक्सा’ हे नाव निवडलं तेही त्यातल्या ठसठशीत ‘क्स’चा विचार करून, गोंगाटात तो यंत्राला चटकन कळतो. एवढी हाक डब्यातच ओळखली जाते, पुढचं वाक्य सहसा दूरच्या सर्व्हरकडे जातं, तिथे अर्थ लागतो आणि मग दिवा लागतो. ही बाई भारतात २०१७ साली आली, हिंदी शिकली २०१९मध्ये. गूगल असिस्टंटला फोनवर मराठी कळू लागलं २०१८मध्ये. पण व्याकरण शिकणं वेगळं आणि घर कळणं वेगळं. मराठी आजी पंखा, गॅस नि टीव्ही तिन्ही ‘बारीक’ करते, दिवा ‘मालवते’. आवाज वाढवला की मोठा होतो, नारळ वाढवला की फुटतो! नव्या अपडेटमध्ये दिव्याचे आणखी सोळा रंग नकोत. आधी हे डबे बनवणाऱ्यांना वडाळ्यातल्या स्वयंपाकघरात आठवडाभर बसवावं, कुकरच्या शिट्ट्या चालू असताना, असं सदरकाराचं स्पष्ट मत आहे. चहा मिळेल.