'फायदे लिहा' हा माझा शेरा मी मागे घेते



चौथीला 'माझा आवडता छंद' हा निबंध दिला की काय येतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. निम्म्याहून जास्त वह्यांत 'वाचन'. (त्यातल्या कित्येकांच्या घरात पाठ्यपुस्तकाशिवाय एक पुस्तक नसतं, ते असो.) काही वर्षांपूर्वी एका मुलाने मात्र असं लिहिलं होतं : 'मला पळायला आवडते. मी आणि माझा मित्र पळतो. कुठे जायचे ते आम्ही ठरवत नाही. पळताना बोलतो. मग घरी येतो.' संपला निबंध. मी लाल पेनाने खाली लिहिलं, 'फायदे लिहा. मोठेपणी काय व्हायचे आहे ते लिहा.' आणि दहापैकी चार गुण दिले.

त्यानंतर मी स्वतः पळायला लागले. कारण अगदी शिक्षकी होतं, म्हणजे वजन, गुडघे आणि दिवसभर उभं राहणं. सोबतीला आमच्याच सोसायटीतली एक मैत्रीण. मोबाइलवर अंतर मोजायचं, धायरी फाट्याला हात लावल्यासारखं करून मागे फिरायचं आणि सात वाजता डब्याच्या तयारीला हजर. आपल्यापैकी ज्या बायका पहाटे बाहेर पडतात त्यांना माहीत आहे, पायापेक्षा डोकंच जास्त पळत असतं. दूध, कुकर, पोरांची आंघोळ!

पावसाळ्यातल्या एका रविवारी फाट्यावर पोचलो तेव्हा मैत्रीण तिच्या आईबद्दल सांगत होती. आई गेल्याला सहा महिने झाले होते आणि त्याबद्दल ती पहिल्यांदाच बोलत होती. अशा वेळी 'चल, फिरू मागे' कसं म्हणायचं? आम्ही डावीकडे वळलो आणि सिंहगड रस्त्याने पुढे गेलो. नांदेड फाटा गेला, किरकटवाडी फाटा गेला. मध्येच चढ लागला की गप्प व्हायचो, दम लागला की चालायचो, परत पळायचो. बोलणं आईवरून माहेरच्या भांडणांवर, तिथून मुलांवर आणि शेवटी कुठल्यातरी जुन्या सिनेमावर आलं. समोर खडकवासल्याचं पाणी दिसलं तेव्हा कळलं, आपण आठ-नऊ किलोमीटर आलोय. याआधी मी एका दमात चारच्या वर कधी गेले नव्हते. तिच्या मोबाइलच्या कव्हरमध्ये पन्नासची नोट निघाली. त्यात दोघींचा चहा आणि पीएमटीचं तिकीट भागवलं. घरी पोचेपर्यंत सगळ्यांचा नाश्ता झालेला होता आणि कुणाचं काही अडलेलं नव्हतं. मला तर जरा वाईटच वाटलं!

हे कसं जमलं याचं उत्तर साधं आहे. पळताना पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर वेग बरोबर. शब्द तुटायला लागले तर वेग जास्त. व्यायामशास्त्रातही ही कसोटी वापरतात. एकटी असले की मी घड्याळाशी शर्यत लावते. मैत्रीण बरोबर असली की बोलणंच वेग धरून ठेवतं. आपल्या हेतूसाठी स्वीडिश भाषेत एक छान शब्द आहे, 'फार्टलेक', म्हणजे वेगाशी खेळ. १९३०च्या दशकात गोस्ता होल्मेर या प्रशिक्षकाने ही पद्धत आणली. त्या झाडापर्यंत जोरात, मग सावकाश, मन येईल तसं. मोठमोठे धावपटू आजही ती वापरतात. वर्गातल्या कुठल्याही मुलाला ती न शिकवता येते, हे तुम्ही मैदानावर पाहिलं असेलच.

कुणी म्हणेल, बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी काही किलोमीटर तुडवत शाळेला जायचा, म्हणून पुढे २०२२ला राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य मिळालं, तर आपली पोरंही पळू देत. मला हा युक्तिवाद पटत नाही. लांबची शाळा ही गैरसोय असते, मौज नव्हे. आणि मुद्दा पदकाचा नाहीच. त्या मुलाने निबंधात फायदे लिहिले नव्हते, कारण त्याला फायद्यासाठी पळायचंच नव्हतं. मी मात्र निबंधाचा साचा भरायला सांगत होते. छंदाचा निबंध तपासताना आपण 'यातून काय मिळतं' हे विचारतो आणि मग मुलं 'वाचनाने ज्ञान वाढते' असं लिहून मोकळी होतात. चूक त्यांची नाही.

पालकांची अडचण मला कळते. धायरीत पदपथ शोधावा लागतो, टँकर आणि डंपर अंगावर येतात. दहा वर्षांच्या मुलाला 'जा रे, कुठेही पळ' असं मीही सांगणार नाही. लहान मुलांना आठ-नऊ किलोमीटर पळवायचंही नाही. पण सुटीच्या सकाळी मूल आणि त्याचा एखादा मित्र यांना घेऊन रहदारी नसलेल्या ठिकाणी जायचं, मोबाइल खिशात ठेवायचा आणि कुठे वळायचं ते त्यांना ठरवू द्यायचं, एवढं जमण्यासारखं आहे. दमली की बसतील. तुम्ही थोडं मागे राहा. ती काय बोलतात ते ऐकू आलं नाही तरी चालेल. आणि शिक्षकांनो, राहिलेला धडा पूर्ण करायला खेळाचा तास घेणं आपण थांबवू या. मीही घेतलेला आहे, वर्षानुवर्षं.

मागच्या महिन्यात तो मुलगा धायरी फाट्यावर आईबरोबर भेटला. आता सातवीत आहे, उंच झालाय. मी विचारलं, "अजून पळता का रे दोघं?"

"नाही मॅडम," तो म्हणाला, "तो स्कॉलरशिपच्या क्लासला जातो, मी ॲबॅकसला. आमच्या वेळा जुळत नाहीत."