चेक घ्या, पण नाव नको

गणपतीची वर्गणी काढणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: देणगीदाराला फलक मोठा हवा असतो. पाच हजार देणाराही कमानीवर आपला फोटो शोधतो. इथे अमेरिकेत मी नेमकं उलट पाहिलं. आमच्या जवळच्या एका लॉ स्कूलमधली मुलगी माझ्या ऑफिसात आली. ती दुसऱ्या वर्षाला आहे आणि ब्लॅक लॉ स्टुडंट्स असोसिएशनची खजिनदार आहे. वार्षिक भोजनासाठी प्रायोजक शोधत होती. एका बड्या फर्मचा ईमेल तिने फोनवर उघडून दाखवला. रक्कम पाठवतो, पण कार्यक्रमपत्रिकेत आमचा लोगो छापू नका. जमल्यास हे पैसे 'सर्व विद्यार्थ्यांच्या करिअर मार्गदर्शनासाठी' दाखवा, असा मजकूर. मुलगी हसत होती, पण मला काही हसू येईना.

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये माझं इमिग्रेशनचं छोटं ऑफिस आहे. त्या फर्मपुढे आम्ही चिल्लर. पूर्वी या मुलांना आमचं दार ठोठावावं लागत नसे.

ही संघटना काल-परवाची नाही. 1968 साली न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या लॉ स्कूलमध्ये ए. जे. कूपर या विद्यार्थ्याने ती सुरू केली. पुढे तो अलाबामातल्या प्रिचर्ड शहराचा महापौर झाला. आज देशभर तिच्या शाखा आहेत, तरीही अमेरिकेतल्या वकिलांत कृष्णवर्णीय 5 टक्क्यांच्या आसपासच आहेत. खजिनदारबाईंचा हिशेब मी बारकाईने पाहिला. फ्रेडरिक डग्लस यांच्या नावाच्या मूट कोर्ट स्पर्धेला जाणाऱ्या संघाचं विमानभाडं आणि हॉटेल. बार परीक्षेच्या क्लासची फी, जी हजारो डॉलरच्या घरात जाते. पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी जुनी पुस्तकं, कारण नवं एकेक पुस्तक अडीचशे-तीनशे डॉलरला पडतं. आणि एक ओळ नुसती 'कोट' अशी. मुलाखतीला घालायला कोट नसलेली मुलं असतात, त्यांच्यासाठी. उधळपट्टी म्हणावी असं त्यात मला काही दिसलं नाही.

बड्या फर्म आजवर पैसे देत आल्या तो काही दानधर्म नव्हता. नव्या वकिलाला वर्षाला 2 लाख 25 हजार डॉलर मोजणाऱ्या फर्मला दोन-चार हजारांत दहा हुशार मुलं एका टेबलावर भेटतात, त्यांचे बायोडेटा हाती येतात. भरतीचा हा अगदी स्वस्त मार्ग. तो महाग पडायला लागल्यावर त्यांनी हात आखडता घेतला, यात नवल नाही.

महाग कसा पडला? 29 जून 2023 रोजी सुप्रीम कोर्टाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांची वंश विचारात घेणारी प्रवेशपद्धत रद्द केली. निकाल प्रवेशांपुरता होता. पण दोन महिन्यांच्या आत दोन मोठ्या लॉ फर्मवर त्यांच्या फेलोशिपवरून दावे पडले, आणि आधार कुठला घेतला, तर 1866 च्या नागरी हक्क कायद्याचा! गुलामीतून सुटलेल्या माणसांना करार करण्याचा हक्क मिळावा म्हणून झालेला कायदा त्यांच्याच नातवंडा-पतवंडांच्या फेलोशिपवर चालवला गेला. पुढे मार्च 2025 मध्ये समान रोजगार संधीच्या सरकारी आयोगाने वीस फर्मना पत्रं धाडून त्यांच्या भरतीची माहिती मागवली. ट्रम्प यांनी काही फर्मविरुद्ध आदेश काढले. चार फर्म कोर्टात गेल्या आणि तिथे जिंकल्याही. नऊ फर्मनी मात्र कोट्यवधी डॉलरचं मोफत काम कबूल करून तह केला. विद्यार्थी संघटनेच्या भोजनाचं टेबल घेऊ नका, असं कुठल्याही निकालाने सांगितलेलं नाही. तरी वकीलच घाबरले. कायद्याचा अर्थ लावायचे पैसे घेणाऱ्यांनी ढग दिसताच छत्री मिटून घरी पळावं, हे मला लाजिरवाणं वाटतं.

आता आपल्याबद्दल. हार्वर्डच्या खटल्यात तक्रार होती ती आशियाई विद्यार्थ्यांवर अन्याय होतो अशी. म्हणजे आपलं नाव पुढे करून तो खटला लढला गेला. इथल्या मराठी घरांत त्याचा आनंद झालेला मी ऐकला आहे. 'आपल्या मुलांना न्याय मिळाला,' म्हणणारे डॉक्टर माझे अशील आहेत. त्यांना मी एकच गोष्ट विचारते: तुम्ही या देशात आलात कुठल्या कायद्याने? 1946 पासून भारताचा कोटा होता वर्षाला शंभर माणसांचा. तो गेला 1965 च्या इमिग्रेशन कायद्याने, आणि तो कायदा आला 1964 च्या नागरी हक्क कायद्याच्या पाठोपाठ, दुसऱ्याच वर्षी. वर्णभेद बेकायदा ठरवलेल्या देशाला माणसाच्या जन्मभूमीवरून कोटा ठेवणं अवघड झालं होतं. ती लढाई लढताना मार कृष्णवर्णीयांनी खाल्ला, आणि आपले पासपोर्ट उघडले. माझं ऑफिस त्याच कायद्यावर चालतं.

'जातीनिहाय संघटना हवीच कशाला' हा प्रश्नही मला ठाऊक आहे, आरक्षणाच्या वादात तो लहानपणापासून ऐकते आहे. या शाखेचं सदस्यत्व सगळ्यांना खुलं आहे, तिच्यात एक गुजराती मुलगाही आहे. आणि महाराष्ट्र मंडळाच्या नावाला कुणी हरकत घेतल्याचं मी ऐकलेलं नाही.

मी त्या मुलीला सांगितलं ते असं: बड्या फर्मच्या मागे लागणं कमी कर. तुझ्या पत्रकात सगळ्यात स्वस्त पातळी पाचशे डॉलरची आहे, तिच्या खाली शंभराची एक घाल. मोठ्या दहांपैकी एकाने अंग काढलं की कार्यक्रम कोसळतो. शंभरवाले पाच गळले तरी चालतं. जुने विद्यार्थी, छोटी ऑफिसं, नोटरी, टायटल कंपनीवाले, सगळ्यांना गाठ. आणि लोगो लपवायला सांगणाऱ्याचे पैसे घेऊ नकोस. या शेवटच्या सल्ल्यावर ती म्हणाली, "ते तुम्हाला परवडतं." तिचंही चूक नव्हतं, विमानाची तिकिटं काढायची होती.

आमच्या ऑफिसचं नाव मी ठळक छापायला सांगितलं. इथल्या मराठी वकिलांच्या व्हॉट्सॲप गटावर तिचं पत्रक टाकलं, तर दोघांनी लगेच विचारलं की करात सूट मिळेल का. पैसे विद्यापीठाच्या फाउंडेशनकडे दिले तर मिळते, जेवणाची किंमत वजा करून.